अकरा सेकंदांचा निरोप

रविवार, ८ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, "जे आठवेल ते तारखेसकट लिहून काढा, बाई. आज क्षुल्लक वाटतं ते उद्या कामाला येतं." म्हणून ही वही. दवाखान्यातून आणलेली आहे, पहिल्या सहा पानांवर कवळ्यांची मापं आहेत. ती फाडत नाही, लागतील.

तर लिहिते. माझा धाकटा भाऊ, वय सेहेचाळीस, छापखान्यात मुद्रितं तपासतो. गुरुवारी, ५ तारखेला दुपारी घरातून गेला तो अजून आलेला नाही. अंगात राखाडी स्वेटर, पायात चपला. लग्न त्याने केलं नाही, मीही नाही. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघंच एका घरात एकमेकांचं डोकं खात राहतो.

गुरुवारी मी कामावर होते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं काम असतं. प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात दात रचायचे, कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या. घासायचं यंत्र चालू असलं की शेजारी छप्पर कोसळलं तरी कळत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन येऊन गेला, मला पत्ता नाही. त्याने निरोप ठेवला होता. अकरा सेकंदांचा. आधी "ताई". मग गाड्यांचा आवाज. मग "दार". मग तोंडातल्या तोंडात काहीतरी, त्यातला एक 'घ' तेवढा कळतो. आणि शेवटी बोबडं, पण कळण्यासारखं, "येतो मी."

येतो म्हणालाय. साहेबांना मी हेच सांगितलं. जो माणूस येतो म्हणून सांगतो तो हरवलेला कसा? त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला पाणी हवं का विचारलं.

घरी आले तर दार नुसतं लोटलेलं, त्याची किल्ली आत खिळ्याला. शिवाय आरशाखालच्या फळीवर, पेल्यात, त्याचे दात. वरचे पुढचे चार. नऊ वर्षांपूर्वी सायकलवरून तोंडावर आपटला, तेव्हा मीच करून दिलेले. आता दात घरी ठेवून कोण लांब जातं? कोपऱ्यापर्यंत गेला असेल, काहीतरी अडलं असेल.

मला वाटतं तो म्हणतोय, "दार उघडं ठेव, येतो मी." त्या दिवसापासून मी कडी लावलेली नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

साहेबांनी पुन्हा बोलावलं. विचारतात, गेल्या महिन्याभरात त्याने कोणाला आपल्या वस्तू देऊन टाकल्या का.

माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, हो, दिल्या. दोस्तांना रेकॉर्डी दिल्या, ज्याला जी हवी होती ती. माझा भाऊ दिलदार आहे, त्याचा गुन्हा कधीपासून झाला? साहेब माझ्या वयाचेच असतील. टोपी हातात धरून बसले होते, मला ते आवडलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

चार वाजता बेल वाजली. धावत गेले. दार तर उघडंच होतं. दारात त्याची मंडळी उभी होती, तिघंही, रविवारच्या वेळेला. येऊ की नको अशा तोंडांनी.

ही मंडळी कोण ते लिहायला हवं. धाकट्याला ब्लूजचं वेड. परदेशातल्या कापूस वेचणाऱ्या, रूळ टाकणाऱ्या काळ्या माणसांची शंभर वर्षांपूर्वीची गाणी, एक गिटार आणि एक फुटका गळा. मी त्याला रडगाणी म्हणते. दर रविवारी चार वाजता आमच्या पुढच्या खोलीत चौघं जमतात, रेकॉर्ड लावतात आणि भांडतात. रेकॉर्डी इतक्या झिजलेल्या की अर्धे शब्द कळत नाहीत. मग गायक 'हॉर्स' म्हणाला की 'हाउस' यावर चहाचे तीन राऊंड होतात. एका शब्दावर त्यांनी तीन रविवार घालवलेत. मी आतून ओरडायचे, "अरे, त्या बुवाला दात नाहीत. मला माप पाठवा, कवळी करून देते, मग ऐका काय म्हणतो ते." धाकटा हसायचा. त्याला माझं ते वाक्य फार आवडायचं, नव्या माणसासमोर मुद्दाम माझ्या तोंडून वदवून घ्यायचा.

त्या जुन्या गायकांची नावंही म्हणे ठरलेल्या साच्यातली. पुढे एक व्यंग, मागे काहीतरी खायची वस्तू. तसं धाकट्याने सगळ्यांचं बारसं केलेलं. चष्मेवाला, चांगला गोल गरगरीत, तो 'आंधळा पेरू'. रेडिओ दुरुस्त करणारा, त्याचं नाव 'लुळा भोपळा', हातपाय धडधाकट असून. आणि वाचनालयातल्या बाई उंच, सडसडीत, खिशात दम्याचा पंप, त्या 'दमेकरी काकडी'. स्वतः धाकटा 'बोळका मुळा'.

आज कोणी कोणाला त्या नावाने हाक मारली नाही. मी चहा केला. मग मीच फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, तुम्हाला असले शब्द लावायची सवय आहे ना, लावा.

अकरा सेकंद. त्यांनी चौदा वेळा ऐकलं, मी मोजलं. तिघं डोकी जोडून, डोळे मिटून, अगदी रेकॉर्ड ऐकतात तसे. हळूहळू भांडायलाही लागले. पेरू म्हणाले, "घ आहे ना मधे? मग उघडं. दुसरं काय असणार?" काकडीबाई म्हणाल्या, "घ शेवटी आहे, मधे नाही." भोपळ्यांनी मागचे आवाज लावले. बस, मग घंटेसारखं काहीतरी, मग वारा. "मोकळ्या जागेत उभा आहे," ते म्हणाले. "उंचावर." पेरूंनी त्यांच्या पायावर पाय दिलेला मला टेबलाखालून दिसला. का दिला देव जाणे, त्यांची थट्टा मला कधी कळली आहे?

भोपळे निरोप आपल्या यंत्रावर उतरवून घेऊन गेले, साफ करून आणतो म्हणाले. मला दहा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. निघताना पेरूंनी सवयीने म्हटलं, "येतो ताई, दार लावून घ्या." म्हटलं, दार मी हल्ली लावत नाही. तर तो एवढा मोठा माणूस पायरीवर चाचपडला.

बुधवार, १८ फेब्रुवारी

उघड्या दारातून मांजर आलं, दूध सांडून गेलं. बाकी काही नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

वाचनालयात गेले होते, काकडीबाईंना भेटायला. त्यांनी सांगितलं, जानेवारीत धाकट्याने सगळी पुस्तकं परत केली. अकरा वर्षं दाबून ठेवलेलं एक जाडजूड होतं, तेसुद्धा. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना सुबुद्धी झाली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि पंप काढून ओढला.

त्याचं कपाटही इतकं नीटनेटकं लावलेलं आहे की मला आईची आठवण झाली. आळशी मेला, सेहेचाळीसाव्या वर्षी सुधारायला लागला होता आणि नेमका आत्ताच कुठेतरी अडकून पडला.

रविवार, २२ फेब्रुवारी

भोपळे आले, पण मोकळ्या हाताने. "नाही जमलं ताई. यंत्रच बिघडलं." रेडिओवाल्याचं यंत्र आठवडाभर बिघडलेलं राहतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण एक चांगली गोष्ट झाली. तिघांचं एकमत झालं. "उघडंच म्हणतोय," पेरू म्हणाले. "उघडं ठेव. शंका नको." काकडीबाईंनीही मान हलवली, त्या तर घ शेवटी म्हणत होत्या. या तिघांचं आजवर एकाही गायकाच्या जन्मगावावर एकमत झालेलं नाही, आणि इथे झालं. म्हणजे ते खरंच असणार.

मग पेरूंनी मला हसवायला एक किस्सा सांगितला. एक म्हातारा गायक म्हणे वीस वर्षं मेलेला धरला होता. लोकांनी त्याच्यावर लेख लिहिले, श्रद्धांजल्या वाहिल्या. मग कोणी हौशी शोधत गेला तर हे महाराज अंगणात शेंगा सोलत बसलेले. म्हणाले, "मी मेलो होतो हे मला कोणी कळवलंच नाही." मी हसले. इतकी हसले की थांबता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही. काकडीबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

शांत झाल्यावर मी विचारलं, त्याने माझं बारसं केलं होतं का हो? शेवटी भोपळे म्हणाले, "बहिरी चिंच."

चिंच कळलं, मी आंबटच आहे. पण बहिरी कशाला? काकडीबाई म्हणाल्या, "गमतीने हो. तुम्ही आतून ओरडायचात, पण गाणं कधी ऐकलं नाहीत म्हणून."

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

बावीस दिवस. ठाण्यावरून काही नाही. छापखान्यातून माणूस आला, धाकट्याची डबी आणि लाल पेन्सिली देऊन गेला. मी घेणार नव्हते. तो उद्या येऊन मागेल, तिथेच राहू द्या म्हटलं. माणसाने डबी पायरीवर ठेवली आणि गेला.

कामावर हात चालत नाही. काल एका कवळीत डावा सुळा उजवीकडे लावला. तीस वर्षांत असं झालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तो स्वतःच काढून नीट लावला, तेच जास्त लागलं.

आज घरी येऊन धाकट्याचं रेकॉर्डचं यंत्र लावलं. सुई कशी ठेवतात तेही येत नव्हतं, कर्रकन ओरखडा गेला. गाणं लागलं. शब्द कळले नाहीत. पण एक कळलं. बुवा एक ओळ म्हणतो, मग तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि मग तिसरी वेगळी. पुढचं गाणं लावलं, तेही तसंच. मी धाकट्याला एकदा चिडून विचारलं होतं, एकच गोष्ट दोन-दोनदा का रे सांगतात ही माणसं? तो म्हणाला होता, "पहिल्यांदा कोणी ऐकत नाही, ताई. म्हणून."

मग तू का एकदाच बोललास रे? दोनदा म्हणायला काय झालं होतं?

हे लिहायलाच हवं, साहेबांना उपयोग नसला तरी. त्या गुरुवारी सकाळी त्याने हेच यंत्र लावलं होतं. मी डबा भरत होते. मी म्हटलं, "सकाळी सकाळी मढं गेल्यासारखं काय लावलंयस, बंद कर आधी." त्याने बंद केलं. "चुकलं, ताई," म्हणाला. मी निघाले तेव्हा तो खुर्चीत बसून होता, रेकॉर्ड मांडीवर घेऊन, पाकिटात न घालता. मी 'येते'सुद्धा न म्हणता निघून गेले. घाईत होते मी. खरं तर घाईतही नव्हते, चिडले होते.

मंगळवार, ३ मार्च

पेल्यातलं पाणी रोज बदलते. दात कोरडे पडले की त्यांना चिरा जातात.

गुरुवार, ५ मार्च

लिहवत नाही. पण तारखेसकट लिहा म्हणालेत.

आज दवाखान्यात एक आजोबा आले, नवी कवळी मेणात लावून बघायला. वरचा एकही दात शिल्लक नाही. डॉक्टरीणबाई अशा वेळी मला बाहेर बोलावतात, कारण कवळी नीट बसली की नाही हे बोलण्यावरून कळतं आणि माझा कान तयार आहे. आम्ही माणसाला साठापासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो. सहासष्ट, सदुसष्ट म्हणताना शिट्टी वाजली की दात मागे घ्यायचे. मी हजारो माणसांना मोजायला लावलं असेल.

आजोबांनी मोजलं. झालं. मग काय मनात आलं कोण जाणे, मी मेणाची कवळी त्यांच्या तोंडातून काढली आणि म्हटलं, "आजोबा, आता असेच, दातांशिवाय म्हणा. दार उघडं ठेव."

आजोबा म्हणाले. 'द' गळपटला, मऊ लागला. पण 'उघडं' मधला ड आणि 'ठेव' मधला ठ खणखणीत. खिळा ठोकल्यासारखे.

अर्थात. ड आणि ठ ला दात लागतच नाहीत. तिथे जीभ टाळूला लागते, आणि टाळू प्रत्येकाकडे असते, बोळक्याकडेही. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते.

निरोपात ड नाही. ठ नाही. घ नंतर लगेच "येतो मी". महिनाभर रोज ऐकतेय, पाठ झालाय मला तो, त्यात ड नाही आणि ठ नाही.

मी म्हटलं, "आता म्हणा, दार लावून घे."

ल विरघळला. व गेला. मधे सगळा लगदा आणि शेवटी तो घ. हुबेहूब. आजोबा माझ्याकडे बघून हसले, त्यांना वाटलं हीसुद्धा तपासणीच आहे. "बरोबर म्हटलं का?" विचारतात. म्हटलं, बरोबर म्हटलंत. अगदी बरोबर.

मागच्या खोलीत गेले आणि घासायचं यंत्र चालू केलं, हातात काही न घेता. ते चालू असताना रडलेलं बाहेर ऐकू येत नाही.

दार लावून घे, येतो मी. हे आमच्या घरातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस म्हणतो. तो रोज म्हणायचा. वीस वर्षं रोज, चपला घालता घालता. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आईनेच त्याला शिकवलं. लहान होता तेव्हा एकदा 'जातो' म्हणाला म्हणून दारातून मागे बोलावून पुन्हा म्हणवून घेतलं होतं. तेव्हापासून कधी चुकला नाही. त्या दिवशीही चुकला नाही.

आणि मी ते वचन समजून बसले. साहेबांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. रेकॉर्डी घेताना त्या तिघांना कळलं नसेल, पण नंतर कळलं. एका चहाच्या कपात तीन भांडणं करणारी माणसं माझ्यासाठी एकमताने खोटं बोलली. एकटी मी राहिले, जिचा कान तयार आहे.

रविवार, ८ मार्च

चार वाजता आले तिघंही. मी चहा आधीच करून ठेवला होता. बसल्या बसल्या म्हटलं, "भोपळे, तुमचं यंत्र कधीच बिघडलं नव्हतं." त्यांनी मान खाली घातली. "लावून घे म्हणालाय तो," मी म्हटलं. "ठ नाहीये त्यात." पेरूंनी चष्मा काढून पुसायला घेतला, पुसतच राहिले. काकडीबाई म्हणाल्या, "ताई, आम्हाला धीर झाला नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. रागावले नाही. राग यायला अंगात काही उरलेलं नव्हतं.

भोपळ्यांनी मग सांगितलं. घंटा म्हणजे नदीवरचा जुना पूल, बोट जाण्यासाठी उघडतो तेव्हा वाजते तीच. ते पहिल्याच आठवड्यात ओळखून साहेबांना सांगून आले होते. तेव्हापासून पाण्यात शोध चालू आहे. अजून काही मिळालेलं नाही. कदाचित मिळणारही नाही, ते म्हणाले, आणि मी त्यांना तसं स्पष्ट बोलल्याबद्दल मनात धन्यवाद दिले.

मग मीच म्हटलं, लावा काहीतरी, रविवार आहे. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पेरूंनी पिशवीतून एक रेकॉर्ड काढली, धाकट्याने जानेवारीत त्यांना दिलेली. मी सबंध ऐकली. मधे बुवा काहीतरी पुटपुटला, तर काकडीबाई सवयीने म्हणाल्या, "ब्रिज म्हणतोय," आणि जीभ चावली. मी म्हटलं, "नाही. ब्रिज नाही. ब ला ओठ लागतात, दात नाहीत, तो कळला असता. दुसरं काहीतरी आहे." भोपळ्यांनी सुई मागे घेतली. आम्ही पुन्हा ऐकलं. मला वाटतं 'रिच' म्हणतोय. पेरूंना पटलं नाही.

सहाला उठले. दारात पेरू म्हणाले, "ये—" आणि थांबले. "पुढच्या रविवारी, चारला," म्हणाले. मी मान हलवली. तिघं पायऱ्या उतरून गेली.

मग मी दारातच उभी राहून फोन काढला आणि निरोप लावला. ताई. बस, घंटा, वारा. दार लावून घे. येतो मी.

तो रोज असं म्हणायचा तेव्हा मी आतून नुसतं "हं" म्हणायचे. आई नीट उत्तर द्यायची. मीही आज नीट दिलं.

"ये," म्हटलं. मग कडी लावली.